स्थळ पाहावे उन्हाळ्यात



मुलीसाठी स्थळ पाहायला निघालेली जाणती माणसे पाहुण्यांच्या बैठकीत फार वेळ बसत नाहीत. ती शेजारच्या घरी तांब्याभर पाणी मागतात आणि पाणी पिता पिता घराची खरी हकीकत काढून घेतात. उतारवयात राहायला गाव शोधणे हेही स्थळ पाहण्यासारखेच असते, हे आम्हा उभयतांना २०२५ साली परभणी जिल्ह्यात दोनदा फिरून कळले. आमच्यासारखी अनेक कुटुंबे आज याच विचारात आहेत, म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

आमचा संसार विक्रोळीच्या टेकडीवर दहा बाय बाराच्या खोलीत झाला. नोकरी संपली, पेन्शन बेताचे. खोली वर, रस्ता खाली आणि मध्ये नव्वद पायऱ्या. एकीचे गुडघे गेले, एकाला दमट हवेत धाप लागते. त्यात १७-१८ जुलै २०२१ च्या रात्री विक्रोळी आणि चेंबूरला दरडी कोसळून माणसे झोपेतच दगावली. तेव्हापासून पावसाची सर आली की आम्ही रात्री अंथरुणात उठून बसतो. मुलगी आणि जावई भाड्याच्या घरात राहतात. त्यांनी आमच्या खोलीत यावे आणि आम्ही दुसरीकडे जावे, असा विचार पुढे आला. पण दुसरीकडे म्हणजे कुठे?

बदलापूर-टिटवाळ्याची घरे पाहिली. सगळी पुंजी घालूनही कर्ज काढावे लागणार होते आणि या वयात हप्ता फेडायचा कशातून? मग परभणीकडे नजर वळली. आमच्यातल्या एकाचे मूळ गाव जिंतूर तालुक्यात, तर एकीचे माहेर गंगाखेडकडे गोदावरीकाठी. चुलतभावाचा निरोप होता, "दादा, वाड्यातली आपली जागा पडूनच हाय. दोन खोल्या टाका अन् या."

निरोप ऐकून एकाचे मन हरखले. एकीने मात्र विचारले, "अहो, वाड्यातली जागा म्हणजे गावकुसाच्या आतली की बाहेरची?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा वडील त्याच जागेवरून उठले होते. खडी फोडण्याचे काम, पोटाला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी यांवर काही महिने काढले आणि मग मीटरगेजच्या गाडीने बिऱ्हाड मनमाडला व तिथून मुंबईला आणले. दुष्काळ हे एक कारण झाले. पण पाऊस पडल्यावरही वडील परत गेले नाहीत, त्याचे कारण वेगळे होते. मुंबईत नळावर रांग होती, भांडणे होती, पण नळाला हात लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

परमपूज्य बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना रोखठोक उत्तर दिले होते. खेडे हे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे घर आहे, असे त्यांचे मत होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी ते मत पुस्तकात वाचून गाव सोडले नाही. ते त्यांच्या पाठीवर लिहिलेले होते. मग आम्ही परत कोणत्या तोंडाने जायचे? की आता काळ बदलला आहे? हे घरी बसून ठरणार नव्हते. म्हणून मुद्दाम मे महिन्यात निघालो. हिवाळ्यात सगळीच गावे गोड दिसतात. स्थळ पाहावे ते उन्हाळ्यातच.

रात्री मुंबईहून सुटलेल्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी परभणीला उतरलो. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण स्टेशनातच एका हमालाने ऐकवली. दुसरी म्हण रिक्षावाल्याने सांगितली, "जगात जर्मनी आणि भारतात परभणी." दोन्हींत थोडा अभिमान आणि थोडी थट्टा आहे. सकाळी दहालाच रस्ता तापला. इथे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, काही वर्षी पंचेचाळीसपर्यंत. मात्र एक फरक पहिल्या दिवशीच जाणवला. ऊन भाजत होते, पण घाम अंगावर साचत नव्हता. सावलीत बसलो की बरे वाटे. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होते. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही. ज्याला मुंबईत धाप लागायची तो इथे चार पावले सुखाने चालला. पण दुपारी बारा ते चार घराबाहेर पडायचे नाही, डोक्याला पांढरा रुमाल आणि जवळ पाण्याची बाटली ठेवायची, हे लोकांनी बजावून सांगितले. उष्माघात वय पाहत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा कळते.

१८ मे हा इथल्या कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस. १९७२ साली, म्हणजे वडिलांनी गाव सोडले त्याच वर्षी, हे विद्यापीठ सुरू झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. त्या दिवशी खरिपाचे बियाणे विकले जाते आणि शेतकऱ्यांची रांग लागते. आमच्याकडे गुंठाभरही रान नाही, तरी आम्ही तिथे गेलो. इथे निघालेल्या 'परभणी क्रांती' भेंडीचे नाव एकीने ऐकलेले होते. पाने पिवळी पाडणाऱ्या रोगापुढे टिकणारी म्हणून ही भेंडी देशभर लावली गेली. "डब्यात लावू," म्हणत ती बी शोधत राहिली. तिच्या मनात घर उभे राहू लागले आहे, हे तेव्हाच कळायला हवे होते.

मग एस.टी.ने जिंतूरमार्गे गावी गेलो. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्यामुळे एक पूर्ण आणि एक अर्धे काढले. गावात चुलतभाऊ आणि जाऊबाईंनी जीव ओवाळला. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, ठेचा. हॉटेलात सगळ्यांना एकाच तऱ्हेच्या कपात चहा मिळाला. वडिलांच्या वेळी कप वेगळा असे आणि तो आपणच धुऊन ठेवावा लागे. एवढा बदल झाला आहे, तो नाकारणार नाही. पोरांकडे मोटारसायकली आहेत, वाड्यात विहार बांधले आहे, मुली जिंतूरला कॉलेजात जातात. पण वाडा जिथे होता तिथेच आहे. कित्येक घरांना कुलूप होते. माणसे ऊसतोडीला गेली की सहा-सहा महिने येत नाहीत, आणि आलेली मेमध्ये पुण्या-मुंबईला बांधकामावर होती. डॉक्टर हवा तर जिंतूर गाठायचे.

शेजारच्या आजींना पाणी मागितले, ते स्थळ पाहण्याच्या रिवाजाप्रमाणेच. त्यांनी पाणी दिले आणि म्हणाल्या, "माय, इथलं ऊन सोसतंय. पर रात्री दोनला उठून टँकरची वाट बघायची ताकद हाय का तुला?" एकीने आपल्या गुडघ्याकडे पाहिले. येलदरीचे धरण याच तालुक्यात, पूर्णा नदीवर आहे. पण धरण जवळ असले म्हणून घागर भरतेच असे नाही.

घराचेही शिकण्यासारखे होते. जुन्या माळवदाच्या घरात, म्हणजे लाकूड आणि पांढऱ्या मातीच्या छताखाली, दुपारीही गारवा असतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माळवदांखाली हजारो माणसे गेली, तेव्हापासून नवीन माळवद कोणी घालत नाही. पत्र्याचे घर स्वस्त पडते, पण दुपारी त्याची भट्टी होते. आणि काळ्या जमिनीवर बांधायचे तर पाया खोल घ्यावा लागतो, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंती तडकवते. दोन खोल्या टाकणे हे निरोपात वाटले तेवढे सोपे नव्हते.

गावाहून निघताना दोघेही गप्प होतो. परतीच्या वाटेवर पूर्णेला एका नात्यातल्या घरी दोन दिवस थांबलो, आणि तिथे बसल्या जागी सगळे गणित बदलले.

पूर्णा हे रेल्वेचे गाव. निजामाच्या काळापासून जंक्शन. नोकरीच्या निमित्ताने चारी दिशांची माणसे आली, त्यामुळे वस्तीला गावकूस असे राहिलेच नाही. भदन्त डॉ. उपगुप्त महाथेरो यांच्यामुळे इथल्या बुद्ध विहाराचे नाव मराठवाडाभर झाले आहे. परभणी एका बाजूला, नांदेड दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे साधारण तीस किलोमीटर. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि नांदेडला ते जुनेच आहे. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा झाला तर हे अंतर महत्त्वाचे. जवळच कंठेश्वरला पूर्णा नदी गोदावरीला मिळते. गोदाकाठच्या माहेरवाशिणीला आणखी काय हवे? मात्र नदीकाठ म्हणजे पूरही आला. २०२४ आणि २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला. म्हणून घर पाहायचे ते उंचावरचे.

पावसाचीही तुलना केली. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. परभणी जिल्ह्यात अख्ख्या पावसाळ्यातही साधारणपणे एवढा पडत नाही. एकीकडे पाण्याची भीती जास्तीची, दुसरीकडे कमीची.

मुलीला फोनवर हे सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, परभणीत डिसेंबरात काय झालं ते विसरलात का?"

विसरलो नव्हतो. १० डिसेंबर २०२४ ला परभणी स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक आणि मग वस्त्यांतून धरपकड. अटकेतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. मे महिन्यात त्या पुतळ्यासमोर आम्ही हात जोडून उभे राहिलो, तेव्हा दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. पण मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, "बाळ, ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात आपली दहा माणसं गेली, तेव्हा आपण हाकेच्या अंतरावर राहत होतो. मुंबई सोडली का?" भीती नाही असे जागेचे नाव आम्हाला कोणी सांगावे. आपली माणसे जिथे एका हाकेला गोळा होतात, ती जागा त्यातल्या त्यात बरी.

तरी निर्णय लगेच केला नाही. हिवाळाही पाहायचा होता. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला परभणीकडची माणसे येतात आणि त्यांतले पाच-सहा जण आमच्या दहा बाय बारात मुक्काम करतात. त्या वर्षी त्यांच्याच गाडीने आम्ही परत निघालो. उभे राहायला जागा नव्हती, पण भाकरी-चटणीचे गाठोडे डबाभर फिरले. पहाटे पूर्णेला उतरलो तेव्हा दात वाजत होते. परभणी भागातली थंडी प्रसिद्ध आहे. काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली येतो. मुंबईकराकडे ना रग ना कानटोपी. तिथल्या वहिनींनी शेकोटीजवळ बसवले. दुखऱ्या गुडघ्यांना ही थंडी चांगली नाही, हेही टिपून ठेवले. पण दिवसा कोवळ्या उन्हात ओट्यावर बसून शेंगा सोलताना शेजारच्या चार बाया जमल्या आणि एकीला तास कसा गेला ते कळले नाही. विक्रोळीच्या नव्वद पायऱ्या चढून कोण येते गप्पा मारायला?

तेव्हा ठरले. गावची वाड्यातली जागा चुलतभावाच्या मुलांना वापरायला द्यायची. पूर्णेला वर्षभर भाड्याने राहायचे, तीनही ऋतू अंगावर घ्यायचे आणि मगच घराचा विचार करायचा. विक्रोळीची खोली विकायची नाही, मुलीने तिथे राहायचे.

याच विचारात असलेल्या बांधवांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जागा पाहायला मे महिन्यात जा. पाण्याचे पुरुषांना विचारू नका, बायकांना विचारा. आधी भाड्याने राहा, नंतर बांधा. मुंबईतले घर घाईने विकू नका, आणि नवे घर घ्याल तर कागदावर दोघांचीही नावे घाला. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे रेशन दुसऱ्या ठिकाणीही मिळते, तेव्हा त्या काळजीने अडू नका. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तो खर्च मात्र हिशेबात धरा.

वडील मीटरगेजच्या गाडीने गेले, ते गाव सोडून. आम्ही ब्रॉडगेजने परत येत आहोत, पण गावात नाही. त्यांनी सोडलेल्या जागेवर आम्हाला जायचे नाही, त्यांनी मिळवून दिलेले बरोबर घेऊन जायचे आहे. पुढच्या ६ डिसेंबरला आम्ही पूर्णेहून येऊ. दादरला उतरून विक्रोळीच्या पायऱ्या चढू, आणि त्या दहा बाय बारात या वेळी मुलगी आमच्यासाठी अंथरूण घालील. डब्यात परभणी क्रांतीची भेंडी असेल. तिचे बी एकीने आतापासूनच पदराला बांधून ठेवले आहे.

जयभीम.