नदीखालून जाणारी वाट

आमच्या वाईकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'चकवा' हा शब्द नेहमी येई. रात्री ओळखीच्या शिवारातून घराकडे निघालेला माणूस पहाटेपर्यंत त्याच एका बांधाभोवती फिरत राहतो आणि उजाडल्यावर पाहतो, तो घर हाकेच्या अंतरावर असते. याला चकवा लागणे म्हणत. कोणी त्याला भुताटकी मानी, कोणी थकव्याचा परिणाम. मला त्याचे कारण साधे वाटते. पसरणीच्या घाटाकडे तोंड केले की समोर मावळत, उजव्या हाताला उत्तर, आणि नदीच्या पाण्याचा ओघ पाहिला की गावाची वरची बाजू कोणती व खालची कोणती हे कळते. ही सारी मोजमापे आपण वाटेवरच्या वस्तूंत ठेवलेली असतात. अंधाराने त्या वस्तू पुसल्या की पायांना काही आठवत नाही.

लंडनच्या भुयारी रेल्वेत सूर्य नाही, डोंगर नाही आणि पाण्याचा ओघही दिसत नाही. २०१४ सालच्या ऑक्टोबरात मी तिथे लेकीच्या बाळंतपणासाठी गेले, तेव्हा माझ्या शाळेतील निवृत्तीला दोन वर्षे झाली होती. तीस वर्षे मी भूगोल शिकवला होता. दिशा आणि नकाशा हा माझ्या उपजीविकेचाच विषय होता, असे म्हणायला हरकत नाही.

बाळ एकतिसाव्या आठवड्यातच जन्मले. वजन तेराशे ग्रॅम. घराजवळच्या रुग्णालयात एवढ्या लहान बाळांसाठी जागा शिल्लक नव्हती, म्हणून त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेम्स नदीच्या दक्षिणेकडील एका रुग्णालयात हलवण्यात आले. लेक तिथेच मातांसाठी असलेल्या खोलीत राहू लागली. जावई दिवसभर कामावर आणि रात्री बाळाजवळ. उरले मी, आणि उरला डबा. अळिवाची खीर, मेथीची भाजी, मऊ भात, डिंकाचा एक लाडू. लेकीला दूध आले पाहिजे आणि ते दूध नळीवाटे का होईना बाळाच्या पोटात गेले पाहिजे, एवढाच त्या दिवसांचा हिशेब होता. रोज सकाळी बाळाचे वजन होई. वीस ग्रॅम वाढले तर सण, दहा घटले तर सुतक. हा डबा वायव्येकडील हॅरो या उपनगरातून नदीपलीकडे नेण्याचे काम मी मागून घेतले. जावयाने पहिल्या दोन दिवशी सोबत येऊन वाट दाखवली. तिसऱ्या दिवसापासून मी एकटी जाऊ लागले.

प्रवासाचा आराखडा सांगायला सोपा आहे. हॅरो ऑन द हिल या स्थानकावर मेट्रोपॉलिटन मार्गिकेची गाडी धरायची. नकाशावर तिचा रंग आपल्या वांगी लुगड्यासारखा. फिंचली रोडला उतरून त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला येणारी ज्युबिली मार्गिकेची, राखाडी रंगाची गाडी घ्यायची आणि लंडन ब्रिजला उतरायचे. तिथून पुढे बस. फिंचली रोडपर्यंतचा बराचसा रस्ता उघड्यावरून जातो. भुयारी म्हणवणाऱ्या या रेल्वेचा निम्म्याहून अधिक भाग जमिनीच्या वरच आहे, हे मला तिथे गेल्यावरच कळले. घरांच्या मागच्या बागा, वाळत घातलेले कपडे, पानगळीतली झाडे हे सगळे दिसत राही. फिंचली रोडनंतर मात्र गाडी भुयारात शिरे आणि लेकीचा निरोप यायचा तो बंद होई. त्या काळी भुयारात भ्रमणध्वनी चालत नसे. शेवटचा निरोप वाचायचा आणि वीसेक मिनिटे काचेतल्या आपल्याच चेहऱ्याकडे पाहत बसायचे.

नकाशाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. नववीच्या मुलांना मी दरवर्षी सांगत असे की प्रमाण, दिशा आणि सूची ही नकाशाची तीन अंगे. यांपैकी एकही नसेल तर तो नकाशा नव्हे, चित्र होय. लंडनच्या स्थानकांत फुकट मिळणाऱ्या घडीच्या नकाशात सूची तेवढी आहे. प्रमाण नाही. दिशाही खरी नाही. सगळे मार्ग आडवे, उभे किंवा पंचेचाळीस अंशांत तिरके. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमध्ये जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे मीटर अंतर आहे. आमच्या गणपती घाटावरून बाजारपेठेत जावे तेवढे. उलट मेट्रोपॉलिटन मार्गिकेच्या टोकाला चेशम आणि त्याच्या अलीकडचे स्थानक यांत सहा किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. नकाशावर या दोन अंतरांतला फरक कळतच नाही.

हा आराखडा हॅरी बेक नावाच्या माणसाने १९३१ साली काढला. तो रेल्वेच्या सिग्नल विभागात आराखडे काढण्याचे काम केलेला कारागीर होता. भूगोलतज्ज्ञ तो नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्याला हे सुचले. भुयारातल्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे, कोठे टेकडी आहे याचा काहीच उपयोग नसतो; कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कुठे बदलायची एवढेच त्याला हवे असते, हे बेकने ओळखले. कंपनीने प्रथम तो आराखडा नाकारला. प्रवाशांना असले धाडस रुचणार नाही असे वाटले असावे. १९३३ च्या जानेवारीत तो छापला गेला आणि लोकांनी तो उचलून धरला. आज जगातील बहुतेक मोठ्या शहरांच्या रेल्वे याच रीतीने आपला नकाशा काढतात. आपल्या दिल्लीचाही तसाच आणि मुंबईच्या मेट्रोचाही.

बेकने वरच्या जगातली एकच खूण राखली, ती म्हणजे टेम्स नदी. तिचीही वळणे त्याने सरळ रेषांत घडवून टाकली, पण ती आहे. २००९ साली नकाशा सुटसुटीत करण्याच्या उत्साहात कोणीतरी नदीच काढून टाकली. शहरात एवढा गदारोळ झाला की काही महिन्यांतच ती परत आणावी लागली. मला हे वाचून फार बरे वाटले. गाडीत बसलेल्या माणसाला नदीची गरज नाही, हा युक्तिवाद बिनचूक असेल. परंतु कृष्णाकाठी वाढलेल्या बाईला तो पटणे शक्य नाही. मी अलीकडच्या तीरावर आहे आणि लेक पलीकडच्या, एवढे समजले की बाकीच्या रेषा आपोआप जागेवर बसत.

या नदीखालून गाडी नेमकी कुठे जाते ते मी शोधून काढले. वेस्टमिन्स्टर आणि वॉटर्लू या दोन स्थानकांच्या मध्ये. गाडीत त्याची सूचना कोणी देत नाही. पण एक खूण आहे. ज्युबिली मार्गिकेचा वेस्टमिन्स्टरपासूनचा पूर्वेकडील भाग नवा, १९९९ सालचा. तिथल्या भुयारी फलाटांच्या कडेला काचेच्या भिंती आहेत आणि गाडी थांबली की गाडीच्या दारासमोरच त्या भिंतीची दारे उघडतात. त्याआधीच्या ग्रीन पार्कला त्या नाहीत. तेव्हा काचेची दारे पहिल्यांदा दिसली की हे वेस्टमिन्स्टर, आता नदी, मग वॉटर्लू, सदर्क आणि त्यापुढे आपले स्थानक. उद्घोषणा कानावर पडली नाही, पाटी गर्दीत दिसली नाही, तरी चालत असे. आपल्याकडे रेल्वे किंवा एस.टी. नदीच्या पुलावर आली की बायाबापड्या हात जोडतात, कोणी पाण्यात नाणे टाकते. इथे नदी डोक्यावर. मी डबा मांडीवर घट्ट धरून एकदा वर पाहून घेई. शेजारच्या प्रवाशाने कधी काही विचारले नाही. त्या शहरात गाडीत कोणी कोणाला काही विचारत नाही.

पाट्यांचा गुंता निराळा. जाताना जी गाडी 'दक्षिणेकडे' या पाटीखाली मिळे, तिचीच परतीची गाडी लंडन ब्रिजला 'पश्चिमेकडे' या पाटीखाली शोधावी लागे. कारण मार्ग मध्येच वळलेला असतो. एजवेअर रोड या एकाच नावाची दोन वेगळी स्थानके आहेत आणि नुसते एजवेअर नावाचे तिसरे कितीतरी दूर. हा तर विकतचा चकवा. तरीही एकंदरीत त्या पाट्यांची व्यवस्था मला मनापासून आवडली. फलाटाकडे वळण्यापूर्वी भिंतीवर पुढच्या साऱ्या स्थानकांची नावे क्रमाने लिहिलेली असतात. आपल्या स्थानकाचे नाव त्या यादीत असेल तर त्या बाजूला वळायचे, नसेल तर दुसऱ्या. दिशा कळण्याची गरजच नाही. वाचता मात्र आले पाहिजे. मला माझी आई आठवे. तिला अक्षर येत नव्हते, साताऱ्याच्या एस.टी. स्थानकावर ती गाडीची पाटी कोणाकडून तरी वाचून घेई आणि खात्रीसाठी आणखी एकाला विचारी. मेक्सिको शहराची भुयारी रेल्वे १९६९ साली सुरू झाली तेव्हा अशाच माणसांचा विचार करून प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही देण्यात आले. चापुल्तेपेक स्थानकाचे चित्र टोळाचे आहे. आईला असली रेल्वे चालली असती. टोळाला उतरायचे, एवढे तिने पक्के लक्षात ठेवले असते.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी फिंचली रोडला उतरण्यापूर्वीच निरोप आला. 'आई, रात्री दोनदा श्वास थांबला होता. परत यंत्रावर ठेवलंय. ये लवकर.' मी फलाटावर उतरले तर समोरच्या बाजूला गर्दी साचलेली. ज्युबिली मार्गिकेवर बिघाड झाला होता आणि गाड्या बंद होत्या. केव्हा सुरू होतील ते कळत नव्हते. जावई दूरध्वनीवर मिळेना. आमच्याकडे विचारत विचारत काशी गाठता येते म्हणतात. पण फलाटावरच्या एकुलत्या कर्मचाऱ्याभोवती वीस माणसे होती आणि त्यांतला प्रत्येक जण वेगळीच काशी विचारत होता.

मी भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहिले. काय शोधायचे ते ठाऊक होते: निळी रेषा ओलांडणाऱ्या रेषा. लंडन ब्रिजला राखाडीशिवाय आणखी एकच रेषा येत होती, ती काळी, नॉर्दर्न मार्गिकेची. ती उत्तरेकडून नदी ओलांडून येते. तिच्यावरून बोट वर सरकवत नेले तर बँक, आणि त्याच्या वर मूरगेट. मूरगेटला तिला छेदत होती माझीच वांगी रेषा, जिच्यावरून मी नुकतीच उतरले होते. म्हणजे बाजू बदलायचीच नाही. पाठीमागे जी पुढची गाडी येईल तिच्यात बसायचे, मूरगेटपर्यंत जायचे, मग काळ्या रेषेने दक्षिणेला दोन स्थानके. गाडी शहराच्या त्या बाजूला जाणारी आहे ना, एवढे तिच्या कपाळावरची पाटी वाचून पाहिले आणि चढले.

बेकर स्ट्रीटच्या पुढे ती गाडी ज्या भुयारातून जाते ते जगातले पहिले. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन अशी ही रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली त्यानंतर दहाच वर्षांनी. रस्ते उकरून खंदक खणले, त्यात रूळ टाकले, वर विटांच्या कमानी बांधल्या आणि रस्ता पुन्हा झाकला. आत वाफेची इंजिने धूर सोडत धावत. हे सारे मी नंतर वाचले. त्या सकाळी ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट, यूस्टन स्क्वेअर, किंग्ज क्रॉस, फॅरिंग्डन, बार्बिकन ही नावे मी केवळ मोजली. एकेक स्थानक म्हणजे एकेक मणी. मूरगेटला उतरल्यावर काळ्या पट्टीमागून चालत, सरकत्या जिन्याच्या उजव्या कडेला उभे राहण्याचा तिथला शिरस्ता त्या दिवशी न पाळता, डाव्या बाजूने पायऱ्या उतरत खाली गेले. चालणाऱ्यांसाठी ती बाजू मोकळी ठेवतात. आयुष्यात पहिल्यांदा मी घाईतल्या लोकांच्या रांगेत होते.

पोहोचायला नेहमीपेक्षा जेमतेम वीस मिनिटे जास्त लागली. लेक बाळाच्या पेटीशेजारी बसली होती. पेटीच्या गोल खिडकीतून तिचा एक हात आत होता आणि बाळाचा तळवा तिच्या करंगळीच्या नखावर. परिचारिकेने यंत्रावरचे आकडे बोटाने दाखवले आणि मान हलवली, ती बरे आहे अशा अर्थाने. लेक म्हणाली, "ज्युबिली बंद आहे ना? कशी आलीस?" मी सांगितले, "काळ्या रेषेनं." तिने बाहेरच्या खोलीत येऊन डबा उघडला आणि उभ्यानेच खीर खाल्ली. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात काही नव्हते.

त्यानंतर बाळाचा श्वास पुन्हा थांबला नाही. एका आठवड्याने यंत्र निघाले, मग नळी निघाली. सातव्या आठवड्याच्या अखेरीस दोन किलो शंभर ग्रॅम वजनाची ती मुलगी घरी यायला निघाली. आम्ही मोटारीने आलो. पुलावरून जाताना मी नदी पाहिली; करडी, रुंद, भरतीच्या पाण्याने उलट्या दिशेला सरकणारी. आमची कृष्णा असे कधी करत नाही. पुढे रस्त्यांची जी काही वळणे लागली त्यांतले एकही मला ओळखता आले नाही. सात आठवडे मी ज्या शहराच्या पोटातून येत-जात होते, त्याचे तोंड मी पाहिलेच नव्हते. मधूनच एखाद्या कोपऱ्यावर लाल वर्तुळातली निळी पाटी दिसे आणि तिच्यावर ओळखीचे नाव असे. सेंट जॉन्स वुड. स्विस कॉटेज. नावे नकाशातल्याच क्रमाने येत होती, फक्त उलट्या.

फिंचली रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाळ झोपले होते. लेक म्हणाली, "आई, इथेच तू गाडी बदलायचीस ना?" मी हो म्हटले आणि खिडकीतून पाहिले. रस्त्याला लागून दुकाने होती आणि त्यांच्यामध्ये स्थानकाचे लहानसे दार. फलाट खाली होते. रस्त्यावरून दिसत नव्हते.