ओकारान्त शब्दांची खतावणी

इंग्रजी भाषेत शब्दाच्या शेवटी 'ओ' हे अक्षर आले, की तो शब्द बहुधा परदेशातून आला आहे असे समजावे. 'गो', 'सो', 'टू' असे काही जुने घरचे शब्द सोडले, तर इंग्रजीतील मूळची नामे सहसा 'ओ'वर थांबत नाहीत. इटालियन आणि स्पॅनिश भाषांत मात्र पुल्लिंगी नामांचा शेवट सामान्यतः याच अक्षराने होतो. मराठीत घोडा, वाडा, धंदा यांच्या शेवटी जसा 'आ' येतो, तसाच तिकडे 'ओ'. म्हणून असा शब्द भेटला, की तो कोणत्या बंदरातून आला आणि कोणी आणला, हे विचारण्यासारखे असते. 'पियानो' आणि 'सोप्रानो' हे शब्द कलावंतांबरोबर आले, 'मँगो' आणि 'टोमॅटो' जहाजांबरोबर आले. परंतु यांतील एक मोठा गट व्यापाऱ्यांबरोबर आला, आणि तोही त्यांच्या हिशेबाच्या वहीतून.

सांगलीतील एका हळदीच्या पेढीवर या गटाची ओळख अनपेक्षितपणे झाली. घरातील नातीला शाळेसाठी 'ओ'ने संपणारे वीस इंग्रजी शब्द अर्थासह लिहून न्यायचे होते. 'पोटॅटो', 'फोटो', 'रेडिओ' येथपर्यंत वही सहज भरली. पुढे तिने घरातील मोठ्यांना विचारण्यास आरंभ केला. वडिलांनी 'डिट्टो' आणि 'एम्बार्गो' सांगितले, मोठ्या भावाने 'पोर्टफोलिओ', 'कार्गो' आणि 'कॉन्टँगो' सांगितले. आजोबांना मात्र तिने विचारले नाही. त्यांचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झालेले, आणि इंग्रजीचा विषय निघाला की त्यांच्याकडे न पाहण्याची सवय घरात सर्वांनाच लागली होती. हळूहळू ती त्यांनाही लागली. पन्नास वर्षे आडत सांभाळलेला हा माणूस, नातू संगणकासमोर बसून वायद्याचे भाव पाहू लागल्यापासून, संध्याकाळच्या बोलण्यात गप्प झाला होता. हळद तीच होती, तिच्याविषयी बोलण्याचे शब्द तेवढे बदलले होते.

नात पेढीच्या गादीवर शब्दकोश उघडून बसली आणि एकेक अर्थ मोठ्याने वाचू लागली. 'डिट्टो' हा इटलीतील टस्कनी प्रांताच्या बोलीतला शब्द. त्याचा मूळ अर्थ 'म्हटलेला'. तारखांची यादी करताना तिकडचे कारकून महिन्याचे नाव प्रत्येक ओळीत न लिहिता 'वर म्हटलेला' एवढेच लिहीत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी तो शब्द उचलला, आणि पुढे शब्दही लिहायचा कंटाळा येऊन त्याच्या जागी दोन लहान खुणा आल्या.

"म्हणजे मजकूर," आजोबा म्हणाले.

नातीने मान वर केली. तिला 'मजकूर' म्हणजे वर्तमानपत्रात छापलेले लिखाण एवढेच ठाऊक होते. आजोबांनी सांगितले की जुन्या कागदांत 'मजकूर' म्हणजे 'वर उल्लेखिलेला': मौजे मजकूर, साल मजकूर. अरबीतील 'जिक्र', म्हणजे उल्लेख, या शब्दाचे हे भावंड. टस्कनीच्या कारकुनाने मराठी दप्तर पाहिले नव्हते आणि मराठी कारकुनाने टस्कनीची वही पाहिली नव्हती. एकच गोष्ट दहा वेळा लिहिण्याचा त्रास दोघांना सारखाच होता आणि दोघांना उपायही सारखाच सुचला.

त्यानंतर 'फोलिओ' आला. लॅटिनमध्ये झाडाच्या पानाला जो शब्द आहे, त्यापासून हा निघाला आणि कागदाच्या पानाला लागला. मराठीतही झाडाचे ते पान आणि वहीचेही पानच, हे आजोबांनी लगेच ओळखले. हिशेबात समोरासमोरच्या दोन पानांना मिळून एकच क्रमांक देण्याची रीत होती, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. त्या क्रमांकाला 'फोलिओ' म्हणत. वाणिज्य शाखेच्या मराठी पुस्तकात 'खा. पा.', म्हणजे खातेपान, असा जो रकाना असतो तो हाच. म्युच्युअल फंडाच्या कागदावर छापलेला 'फोलिओ क्रमांक' हाही त्याच वंशातला, जरी तेथे आता वही नाही आणि पानही नाही. 'पोर्टफोलिओ' म्हणजे पाने वाहून नेण्याचे पाकीट. गुंतवणूकदाराचे सारे रोखे ज्यात मावतात ते पाकीट, आणि मंत्र्याचे कागद ज्यात राहतात तेही पाकीटच. म्हणून मंत्र्याच्या खात्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे.

ही पद्धत जगाला छापील रूपात दिली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने. त्याचा गणितावरील मोठा ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला, आणि त्यातील एका भागात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसे ठेवतात याचे वर्णन आले. द्विनोंदी पद्धत त्याने शोधली नाही. व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने ती नीट मांडली. प्रथम कच्च्या नोंदीची वही, मग रोजची वही, मग खात्यांची वही, अशा तीन वह्या तो सांगतो. आजोबांच्या भाषेत कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी. वहीच्या आरंभी ईश्वराचे नाव घ्यावे आणि पवित्र खूण काढावी असेही तो संन्यासी लिहितो. पहिल्या पानावर 'श्री' लिहिल्याशिवाय वही न उघडणाऱ्या घराला यात परके काही वाटले नाही.

शब्दकोशात नातीला एक छोटासा शब्द मिळाला, 'ॲजिओ'. तो घरात कोणालाच माहीत नव्हता. एका नाण्याच्या बदल्यात दुसरे नाणे घेताना जी वाढ द्यावी लागते तिचे हे इटालियन नाव. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे स्थापन झालेल्या बँकेमुळे या शब्दाला महत्त्व आले. त्या शहरात अनेक देशांची नाणी येत, काही झिजलेली तर काही हिणकस. बँक ती तपासून खऱ्या मोलाने जमा करून घेई, म्हणून बँकेतील जमा पैसा बाजारातील नाण्यापेक्षा अधिक मोलाचा ठरे. त्या दोहोंतील फरक म्हणजे 'ॲजिओ'. ॲडम स्मिथ याने १७७६ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे.

"हा तर बट्टा," आजोबा म्हणाले. दक्षिणेत एके काळी अंकुशी, चांदवडी असे अनेक टांकसाळींचे रुपये चालत. सराफ प्रत्येक रुपया पारखून त्यावर बट्टा लावी. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकसारखा रुपया आणला आणि त्यानंतर हा व्यवहार हळूहळू मावळला. पण बट्टा गेला नाही. तो नाण्यावरून उठून माणसाच्या नावावर बसला. 'नावाला बट्टा लागणे' या शब्दप्रयोगात मराठी बाजाराने नाण्याची पारख माणसाला लावली आहे. इंग्रजीतील 'ॲजिओ' बँकेच्या कागदावरच राहिला, एवढे अंतर काही त्याला कापता आले नाही.

यानंतर नातवाचा 'कॉन्टँगो' निघाला, आणि तोही खुर्ची सरकवून गादीजवळ आला. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या शेअर बाजारात रूढ झाला. सौदापूर्तीच्या दिवशी पैसे भरणे शक्य नसेल, तर व्यवहार पुढच्या पूर्तीपर्यंत लांबविण्यासाठी खरेदीदार विक्रेत्याला जो आकार देई त्याचे हे नाव. मुंबईच्या शेअर बाजारात याच व्यवहाराला 'बदला' म्हणत आणि २००१ पर्यंत तो चालू होता. आता जिनसांच्या वायद्यात हा शब्द वेगळ्या अंगाने वापरतात. आजच्या भावापेक्षा पुढच्या महिन्यांचे भाव चढे असले, की बाजार 'कॉन्टँगो'त आहे असे म्हणतात. हा चढ बव्हंशी माल राखून ठेवण्याच्या खर्चाचा असतो.

आजोबांनी हे ऐकून बोटांवर हिशेब मांडला. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली पेवे असत आणि त्यांत हळद वर्षानुवर्षे टिके. पेवाचे भाडे, गुंतलेल्या पैशाचे व्याज आणि हमाली एवढे पुढच्या भावातून निघत असेल तर पेव भरायचे. तेवढे निघत नसेल, किंवा आजचाच भाव चढा असेल, तर पेव उघडून माल बाजारात आणायचा. पडद्यावरील रेषेवरून नातू जे ताडत होता, ते आजोबा पन्नास वर्षे हळकुंड हातात घेऊन ताडत आले होते. नातवाने त्या संध्याकाळी प्रथमच त्यांना विचारले की भाव उलटा होण्याआधी बाजारात काय दिसते. उत्तर बरेच लांबले, आणि कोणी मध्ये बोलले नाही.

'कार्गो' आणि 'एम्बार्गो' ही जोडी स्पेनची. 'कार्गो' गाडीवर भार लादण्याच्या क्रियेतून निघाला. त्याच मुळापासून 'कार' आणि 'चार्ज' हेही आले, म्हणजे गाडीचा भार आणि बिलातील आकार हे सख्खे भाऊ आहेत. 'एम्बार्गो' म्हणजे अडवणे. १८०७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या काळात तेथील जहाजांना परदेशी बंदरांकडे जाण्यास कायद्याने बंदी झाली. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यावर युद्धाविना दबाव आणावा हा हेतू होता. प्रत्यक्षात अमेरिकेचीच बंदरे ओस पडली, चोरटा व्यापार वाढला, आणि १८०९ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. त्या दिवसांत एका व्यंगचित्रकाराने 'एम्बार्गो'ची अक्षरे उलटी लिहून 'ओ ग्रॅब मी' नावाचे कासव काढले, व्यापाऱ्याला चावा घेऊन धरून ठेवणारे. कांद्याची निर्यातबंदी सोसलेल्या महाराष्ट्रातील बाजारपेठांना त्या कासवाची ओळख करून देण्याची गरज नाही.

दोन शब्द मात्र उलट दिशेने गेलेले निघाले. 'कॅलिको' म्हणजे सुती कापड, आणि हे नाव केरळातील कालिकत बंदराचे. या कापडाला इंग्लंडमध्ये एवढी मागणी आली, की तेथील विणकरांच्या रक्षणासाठी संसदेने १७०० आणि १७२१ मध्ये त्यावर निर्बंध घालणारे कायदे केले. 'इंडिगो' म्हणजे नीळ. ग्रीकांनी तिला 'भारतीय वस्तू' एवढेच नाव दिले आणि तेच अनेक भाषांतून फिरत इंग्रजीत पोचले. ज्या देशाचे नाव त्या रंगाला मिळाले, त्याच देशातील शेतकऱ्याला पुढे जबरदस्तीने नीळ पेरावी लागली, आणि १९१७ मध्ये चंपारण्यात गांधीजींना त्यासाठी उभे राहावे लागले. शब्दाला मान मिळाला म्हणून तो शब्द देणाऱ्याला मान मिळतोच असे नाही.

त्या आठवड्यात पेढीच्या माळ्यावरील जुन्या वह्या रद्दीत जायच्या होत्या. सारा हिशेब आता संगणकात होता आणि गठ्ठ्यांना वाळवी लागण्याची भीती होती. वडिलांचा निर्णय व्यवहाराला धरूनच होता. त्यांतील सर्वांत जुन्या वह्या पणजोबांच्या हातच्या, मोडी लिपीतल्या. त्या वाचू शकणारा माणूस घरात एकच उरला होता, आणि त्याला कोणी काही विचारत नव्हते. नातीने दोन वह्या मागून घेतल्या. वडिलांनी थोडा विचार केला आणि पणजोबांच्या सगळ्याच वह्या बाजूला काढून ठेवल्या. शाळेसाठी नेलेल्या तिच्या यादीत प्रत्येक व्यापारी शब्दासमोर एक रकाना अधिक होता: डिट्टो, मजकूर, फोलिओ, खातेपान, ॲजिओ, बट्टा.

इंग्रजी आज साऱ्या जगाच्या बाजाराची भाषा आहे, पण तिच्या जमाखर्चातील शब्द इटलीच्या आणि स्पेनच्या व्यापाऱ्यांचे आहेत. ते घेताना तिला कमीपणा वाटला नाही. घेतलेले शब्द तिने जपले, कोशात नोंदले आणि त्यांचे मूळ लिहून ठेवले. नवा शब्द आला म्हणून जुना जात नाही. ज्याला तो ठाऊक आहे त्याला विचारणे बंद झाले, की तो जातो. अनेक घरांच्या माळ्यावर अजून अशा वह्या आहेत, आणि काही घरांत त्या वाचणारे वडीलधारेही आहेत. त्यांच्याजवळ बसून एकेक पान वाचून घ्यावे आणि समोर अर्थ लिहून ठेवावा. वाचणारा गेल्यावर अक्षर वहीत राहते, पण त्याचा अर्थ सांगायला कोणी उरत नाही.