मागे म्हणणाऱ्यांचं गाणं

क्वीन या बँडचं ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ मी पहिल्यांदा ऐकलं ते फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजात थोडं आणि अनोळखी माणसांच्या आवाजात जास्त. नव्वदच्या दशकात मी शिवऱ्याहून पुण्याला कॉलेजात शिकायला गेलो होतो. खोलीवरच्या एका मित्राकडे ‘लाइव्ह किलर्स’ची भरून घेतलेली कॅसेट होती. हा अल्बम १९७९ सालचा. त्या वर्षी युरोपात झालेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण त्यात आहे. ढोल-गिटारांच्या दणदणाटातून अचानक सगळं शांत होतं, बारा तारांची एकच गिटार वाजू लागते, फ्रेडी गायला लागतो, आणि मध्येच थांबतो. पुढची ओळ लोक म्हणतात. सगळे मिळून, अगदी हळुवार. माझ्या अंगावर काटा आला. मित्राला सांगून मी तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावून घेतला.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. त्या गाण्यातले निम्मे शब्द मला कळले नव्हते. पण गाणारा आणि ऐकणारे यांच्यात जे चाललं होतं, ते मला पुरतं ओळखीचं होतं. आमच्या घरात ते रोजचंच होतं.

माझे चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, गावच्या भजनात पुढे म्हणायला असत. एकादशीला, काकड्याला, सप्ताहात. आण्णा चरण म्हणणार आणि मागचे टाळकरी ध्रुपद उचलणार. भजन रंगात आलं की आण्णा मध्येच तोंड मिटून नुसता टाळ धरायचे. तेवढा वेळ अभंग मागच्यांच्या गळ्यावर चालायचा. पखवाजवाल्याला ते ठाऊक असे, तोही थाप हलकी करायचा. आम्ही पोरं मागच्या रांगेत. आमच्यासाठी आण्णांचा एक नियम होता: “ध्रुपद पाठ नसंल तर टाळ हातात घ्यायचा नाही.” टाळ धरायचा असेल, तर आधी आपल्या वाटणीचं गाणं घोटून यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती कॅसेट मागून घरी आणली. संध्याकाळी ओट्यावर टेपरेकॉर्डर लावला. आण्णा पान लावत बसले होते. गाणं सुरू झालं, फ्रेडी थांबला, लोक म्हणायला लागले. आण्णांचा हात पानावरच थांबला.

“हा का थांबला रं?”

“लोक म्हणतायत ना, आण्णा.”

“त्येच म्हणतोय मी. याला येत नाही म्हणून नाही थांबला. लोकांना येतंय म्हणून थांबलाय.” मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “हाय कशावर?”

मला जमेल तसं मी सांगितलं. सोडून चाललेल्या माणसाला परत ये म्हणून केलेली विनवणी आहे, आणि म्हातारपणीही तुझ्याजवळच असेन असं वचन आहे. आण्णा म्हणाले, “म्हंजी विराणी हाय.” ज्ञानेश्वर महाराजांच्या विराण्या ते फार जीव लावून म्हणायचे. विरह एकाचा असतो आणि म्हणतात मात्र सगळे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कॅसेट उलटी फिरवून पुन्हा लावायला सांगितली.

मूळ गाणं मी नंतर ऐकलं. ते ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या नोव्हेंबर १९७५च्या अल्बममध्ये आहे. ‘बोहेमियन रॅप्सडी’ही त्याच अल्बममधलं. त्या मूळ रूपात फ्रेडीचा पियानो आहे, त्याच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर आहेत आणि ब्रायन मे यांनी वाजवलेला हार्प आहे. मे मूळचे गिटारवादक. हार्प त्यांचं वाद्य नव्हे. त्यांनी एकेक सुरावट वेगळी वाजवून ध्वनिमुद्रित केली आणि मग ते तुकडे जोडले. असं नक्षीदार गाणं रंगमंचावर जसंच्या तसं उभं करणं शक्य नव्हतं. म्हणून मे यांनी ते बारा तारांच्या गिटारसाठी नव्याने बांधलं आणि पट्टीही खाली आणली. मला या बदलाचं मोल फार वाटतं. पट्टी खाली आली, वाद्यं निघून गेली, आणि गाण्यात लोकांना शिरायला जागा झाली. स्टुडिओतलं गाणं ऐकण्यासाठी आहे. रंगमंचावरचं म्हणण्यासाठी आहे.

हे गाणं फ्रेडीनं मेरी ऑस्टिनसाठी रचलं असं म्हणतात. सत्तरच्या दशकात ती दोघं एकत्र राहत होती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या तरी मैत्री शेवटपर्यंत टिकली, आणि लंडनमधलं आपलं घर फ्रेडीनं तिच्याच नावे ठेवलं. ज्या गाण्यामागे एवढं खासगी आयुष्य आहे, तेच त्यानं सगळ्यात मोकळ्या हातानं लोकांना देऊन टाकलं, याचा मी आजही विचार करतो.

पुण्याच्या कॅम्पातल्या एका कॅसेटवाल्यानं मला पहिल्यांदा सांगितलं, “अरे, तो तर आपल्या पाचगणीचा.” मला खरं वाटेना. पण ते खरं होतं. फारुख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. पारशी घरातला हा मुलगा लहानपणीच शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला आणि १९६३पर्यंत इकडेच होता. पियानो तो इथं शिकला. फ्रेडी हे नाव त्याला शाळेतल्या मित्रांनी दिलं. १९५८च्या सुमारास पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फारंग इराणी, व्हिक्टरी राणा आणि फ्रेडी. शाळेच्या कार्यक्रमांत ते त्या काळची रॉक अँड रोलची गाणी वाजवत. त्यांतले फारंग इराणी पुढे पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवत, आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठे अधिकारी झाले.

या बँडमधली एक गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. पुढे उभं राहून गाणारा मुलगा ब्रूस मरे होता. फ्रेडी पियानो वाजवायचा आणि मागे म्हणायचा. जगातल्या मोठमोठ्या मैदानांवर एकट्यानं उभा राहिलेला हा गायक पाचगणीत मागच्या आवाजांतला एक होता. दुसऱ्याचा सूर ऐकून त्याला आपला सूर लावणं तो तिथं करत होता. मागे म्हणणाऱ्याचं सुख ज्यानं घेतलंय, त्यालाच पुढे गेल्यावर थांबता येतं, असं माझं मत आहे. आण्णाही लहानपणी मागच्याच रांगेत होते.

आमचं शिवरे पुणे-सातारा रस्त्यावर, भोर तालुक्यात. खेड शिवापूर ओलांडून आलं की कापूरहोळच्या अलीकडे. पुण्याहून पाचगणीला जायला त्या काळीही हीच वाट होती: कात्रजचा घाट, मग आमचा भाग, सारोळ्याला नीरेवरचा पूल, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई आणि पसरणीचा घाट. सुट्टीवरून शाळेत परतणारी मुलं पुण्याकडून येत तेव्हा याच रस्त्यानं जात असणार. हे कळल्यापासून त्या गाण्याशी माझं नातं आणखी घट्ट झालं. लांबच्या देशातलं म्हणून त्याच्याकडे बघणं संपलं.

खेड शिवापूर ते शिरवळ या पट्ट्यात आता कारखाने उभे आहेत. माझी नोकरीही तिथलीच. त्या पट्ट्यात या गाण्याचे वेडे मला एकेक करून भेटत गेले. एकाचं गॅरेज आहे, एक शाळेत शिक्षक आहे, एक जण पाळी सांभाळणारा फिटर आहे, एकीची कापूरहोळजवळ रोपवाटिका आहे. कुणी भावाच्या मोबाइलवर ऐकलेलं, कुणी गणपतीत ऑर्केस्ट्राला आलेल्या गिटारवाल्याकडून. आम्हाला जोडणारं दुसरं काहीच नव्हतं. जमेल त्या वर्षी ५ सप्टेंबरला आम्ही पाचगणीला जाऊ लागलो. तो शिक्षक दिन, त्यामुळे आमच्या मास्तरांना आधी शाळेतला कार्यक्रम उरकावा लागतो आणि मग निघता येतं.

सप्टेंबरात घाट हिरवागार असतो आणि पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. पसरणी चढताना गाडीत आम्ही दुसरी गाणी लावतो. हे एक मात्र लावत नाही, ते राखून ठेवतो. सेंट पीटर्सच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहतो. आत मुलांचे तास चालू असतात, त्यांना त्रास द्यायचा नाही असं आमचं ठरलेलं आहे. तिथून टेबललँडवर जातो. जांभ्या दगडाचं ते अफाट सपाट पठार धुक्यात असलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. फिटर गिटार काढतो. बारा तारांची नाही, साधी सहा तारांची. आणि आम्ही म्हणतो.

एकदा शेजारी घोडेवाला उभा होता. पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं. पहिल्यांदा त्यानं नुसतं ऐकलं. आम्ही पुन्हा म्हणायला लागलो तेव्हा ओळीच्या शेवटी तोही सूर लावू लागला. शब्द नव्हते, फक्त ‘आ’कार, पण जागा नेमकी. कुठं उचलायचं आणि कुठं सोडायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या भागातल्या माणसांना ते भजनातून मिळतं. मी त्याला म्हटलं, “दादा, आता तुम्ही पुढं, आम्ही मागं.” तो हसला आणि खरंच पुढे झाला.

त्या वेळी मला दक्षिण अमेरिका आठवली. १९८१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये क्वीननं अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये कार्यक्रम केले. साओ पावलोच्या मोरुंबी स्टेडियमवर एकाच रात्री सव्वा लाखाहून जास्त माणसं होती. अर्जेंटिनात तेव्हा लष्करी राजवट होती. लोकांची बोली स्पॅनिश, पोर्तुगीज. तरी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. कार्यक्रमातल्या या गाण्याची रेकॉर्ड तिकडे अफाट चालली. जानेवारी १९८५मध्ये ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात तर अडीच लाखांच्या वर माणसं असल्याचं सांगतात. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. फ्रेडी लोकांकडे हात करतो, गाणं त्यांच्यावर सोपवतो आणि त्यांचा आवाज ऐकत उभा राहतो. एवढी माणसं एका सुरात म्हणतात, आणि कुणी ओरडत नाही. तिथल्या तरुणांनी ते शब्द कसे पाठ केले असतील हे मी समजू शकतो. मी स्वतः शब्दकोश उघडून, वहीत देवनागरीत उतरवून, खोलीत येरझाऱ्या घालत पाठ केले होते. ज्याची भाषाच तुम्हाला येत नाही ते गाणं पाठ करायला प्रेमच लागतं.

२०१८च्या नोव्हेंबरात ‘बोहेमियन रॅप्सडी’ चित्रपट आला. आम्ही सगळे पुण्याला गेलो. त्यात एक प्रसंग आहे: फ्रेडी मेरीला पडद्यावर रिओतल्या लोकांचं गाणं दाखवतो. त्या क्षणी आमच्या रांगेत आणि पुढच्या दोन-तीन रांगांतही लोक हलक्या आवाजात म्हणू लागले. त्यात कॉलेजची मुलं होती, कपाळावर चष्मा सरकवलेले आजोबा होते. फ्रेडीला जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती. २४ नोव्हेंबर १९९१ला तो वयाच्या ४५व्या वर्षी गेला. त्या आजोबांना सगळं कडवं येत होतं.

आता कार्यक्रमांत ब्रायन मे एकटे स्टुलावर बसून हे गाणं वाजवतात. मूळ गायक नाही. पडद्यावर त्याची छबी येते, आणि त्याच्या वाटणीची जागा लोक भरून काढतात. त्यानं जिवंतपणी लोकांना म्हणायची सवय लावून ठेवली होती, म्हणून हे होऊ शकतं. आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीचे अभंग याच वाटेनं आपल्यापर्यंत आले. मागच्या रांगेनं ते पाठ ठेवले.

म्हणून एखादं गाणं फार आवडतं असं कुणी म्हटलं की मी विचारतो, पाठ आहे का? विचारण्यात परीक्षा घेण्याचा भाव नसतो. मला खरंच वाटतं की गाण्यावरचं प्रेम ऐकण्यात सुरू होतं आणि म्हणण्यात पुरं होतं. गाणाऱ्यानं विश्वासानं जागा सोडली तर ती भरण्याइतकी आपली तयारी हवी. कारखान्यातली नवी पोरं-पोरी आता आमच्यात येतात. त्यांना मी आण्णांचाच नियम सांगतो. आधी शब्द पाठ, मग अर्थ, मग सूर. त्यांच्यातल्या एकीचा आवाज चांगला आहे, पट्टीही आमच्याहून वरची. तिनं गाणं महिनाभर घोटलंय. यंदा टेबललँडवर सुरुवात ती करणार आहे, आणि आम्ही सगळे तिच्या मागे म्हणणार आहोत.