दोरी ओढायची कोणी?

यंत्रं दोन प्रकारची असतात. एक बटण दाबलं की सुरू होणारी आणि दुसरी माणसाची लायकी तपासणारी. मिक्सर बंद पडला तर आपण म्हणतो, मिक्सर बिघडला. दोरी ओढून सुरू करायचं गवत कापायचं मशीन मात्र सुरू झालं नाही, तर बघणारे म्हणतात, "यांना ओढता येत नाही."

आमच्या पुण्यातल्या सोसायटीची हिरवळ बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढी. माळीबुवा ती विळ्यानं कापत. पावसाळ्यात महिन्याचे चार दिवस त्याला लागत आणि त्या चार दिवसांच्या मजुरीवर कमिटीचा डोळा. म्हणून मशीन घ्यायचा ठराव झाला. ठरावाला शेपूट असं, की मशीन नीट चालू लागल्यावर माळ्याचे कापणीचे दिवस बंद करावेत. मी खजिनदार असल्यामुळे चेकवर सही माझी. (पेटी वाजवणाऱ्याला जसं आरतीला बसावंच लागतं, तसं बँकेतल्या क्लार्कला सोसायटीचं खजिनदार व्हावंच लागतं.)

मशीन आलं दसऱ्याच्या सुमाराला. दुकानाच्या माणसानं एकदा चालवून दाखवलं, नारळ फुटला, पेढे वाटले आणि मशीन मीटरच्या खोलीत जाऊन बसलं, ते थेट या श्रावणात बाहेर आलं. तोवर गवत गुडघ्याला लागलं होतं.

रविवारी सकाळी सेक्रेटरींनी बाह्या सरसावून पहिला झटका मारला. फट्. दुसरा. फट्. दहाव्याला सेक्रेटरींचाच श्वास फटफट करू लागला. मग वॉचमननं हळूच दाखवलं, की हँडलला एक आडवी पट्टी असते. ती दाबून धरली नाही तर ठिणगीच पडत नाही. माणसाचा हात सुटला की पातं थांबावं म्हणून ही सोय. पट्टी धरून, चोक लावून वीस झटके झाले. मशीन ढिम्म.

एव्हाना बारा सभासद जमले होते. त्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका. काकांनी तीस वर्षं टू-स्ट्रोक स्कूटर चालवली. पुण्यात त्या पिढीच्या माणसाला इंजिनाचा एकच उपाय ठाऊक : तिरकी करा आणि किक मारा. त्यांनी "सरका" म्हणत मशीन सरळ कुशीवर टाकलं. आता स्कूटरच्या इंजिनाचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं; ती तिरकी केली तर ऑईल जाणार कुठे? हे मशीन फोर-स्ट्रोक. त्याचं ऑईल इंजिनाच्या पोटात वेगळं असतं. त्याला कुशीवर घ्यायचंच तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची. काकांनी नेमकी खाली केली. फिल्टर ऑईल प्यायला. वर काका म्हणाले, "टू-टी ऑईल घातलंय ना पेट्रोलमध्ये? नाही? मग कसं सुरू होईल?"

१८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गिरणीत कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं म्हणतात. ते हातानं ढकलायचं होतं. त्यात पेट्रोल नव्हतं, प्लग नव्हता, दोरी नव्हती. त्याच्या अंगणात बारा सभासद जमले नसणार.

इतका वेळ माळीबुवा कट्ट्यावर उकिडवा बसून तंबाखू मळत होता. सेक्रेटरींचं लक्ष तिकडे गेलं आणि त्यांना कारण सापडलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "यानंच टाकीत साखर टाकलीय. सिनेमात टाकतात. आजच हिशोब करून मोकळा करा त्याला."

आता विनोद बाजूला ठेवणं भाग होतं. संशयावरून एका माणसाचं काम जाणार आणि त्या व्हाउचरवर सही माझी. मी जुन्या हेडक्लार्कच्या हाताखाली शिकलोय. रोजचा मेळ लागला नाही तर ते कधी कोणावर ओरडत नसत. आधी फरकाला नऊनं भाग जातो का बघत. जात असेल तर बहुतेक कोणीतरी आकडे उलटे लिहिलेले असत. बघायचं आधी, बोलायचं नंतर. मी म्हटलं, साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही. टाकली असेल तर तळाशी दिसेल. मोबाइलचा उजेड टाकीत मारला. साखरेचा कण नाही. पण वास आला, तो पेट्रोलचा नव्हे, जुन्या वार्निशचा.

"माळीबुवा, प्लग काढता येतो का?"

"येतो की. आमच्या गावाला रॉकेलचा पंप व्हता, साहेब. पेट्रोलवर चालू करायचा, मग रॉकेलवर घ्यायचा. त्यालाबी दोरीच."

त्यानं प्लग काढला. वीस झटक्यांनंतर प्लग कोरडा ठणठणीत! म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. ओला निघता, तर चोक देऊन देऊन जास्त पेट्रोल पाजलं असा अर्थ. काळा निघता, तर हवा कमी पडतेय. टोपीत घालून, अंगाला टेकवून दोरी ओढली, तर ठिणगी निळी, ठणठणीत. मग त्यानं प्लगची वायर बाजूला केली ("आता हात घाला, पातं फिरायचं न्हाई") आणि कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. तळाशी काकवीसारखा चिकट थर. दहा महिने टाकीत पेट्रोल राहिलं, त्यातला उडून जाणारा भाग उडाला, उरला तो गोंद. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतली ओल ओढून घेतं. आतल्या जेटचं भोक सुईच्या नेढ्याहून बारीक, ते साफ बुजलेलं. माळ्यानं वायरमधली तांब्याची एक तार काढून ते मोकळं केलं. फिल्टर स्पंजाचा होता म्हणून बरं. साबणानं धुतला आणि श्रावणातलं ऊन बेभरवशाचं म्हणून सेक्रेटरींच्या घरी टेबलफॅनपुढे वाळवला. काका पंख्याचा वेग सांगत होते.

नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं. माळ्यानं दोरी आधी सावकाश ओढून अडेपर्यंत आणली आणि मग हिसका दिला. बाराजणांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकेकाला ठराव आठवला.

ठराव त्यालाही माहीत होता. वॉचमननं सांगितला होता. सगळे पांगल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, "बंद पडलेलं इंजिन बघवत न्हाई, साहेब." आणि चुना मागायला वॉचमनकडे गेला.

पुढच्या मीटिंगला मी एवढंच विचारलं, की मशीन चालवणार कोण? सेक्रेटरींची कंबर. काकांचा खांदा. बाकीच्यांना एकदम त्या दिवशीच्या गवतात साप आठवले. माळ्याचे चार दिवस कायम झाले. मशीन चालवायचं म्हणून त्यानं दर थोडा वाढवून मागितला, तोही मंजूर झाला. पावसाळा संपला की टाकी रिकामी होईपर्यंत तो मशीन चालवतो आणि मगच आत ठेवतो.

एकच प्रश्न राहिलाय. पंपावर प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत. त्यामुळे माळीबुवा सेक्रेटरींच्या मोटारसायकलमधून नळीनं अर्धा लिटर काढून घेतो. सेक्रेटरी माझ्याकडे त्याचे पैसे मागतात. मी म्हणतो, बिल आणा.