बक्कलराव आणि त्यांचे भाऊबंद

घड्याळाच्या पट्ट्यावरच्या बक्कलरावांची पहिली तक्रार जागेबद्दल आहे. वर तबकडी मिरवते, काटे धावतात, कंपनीचं नाव झळकतं. बक्कलराव खाली, नाडीच्या बाजूला. शाळेच्या बाकावर, कचेरीच्या टेबलावर, एसटीच्या खिडकीच्या दांडीवर घासली जाते ती त्यांचीच पाठ. स्वभाव जरा खरखरीत झाला असेल तर समजून घ्यावं.

संसार अगदी आटोपशीर. एक चौकट, एक आडवी दांडी आणि तिच्यावर हलणारी जीभ. जिभेने भोकात शिरायचं, पट्टा ताणला की चौकटीवर टेकून बसायचं. खटका नाही, बिजागरी नाही. बिघडायला घरात काही ठेवलेलंच नाही, याचा केवढा अभिमान! वाशिमला पाटणी चौकाच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे बसतात, त्यांच्या पेटीत सुट्या बक्कलांचा एखादा डबा सापडतोच. त्यातलं एक उचलून दाखवत सांगतात, "पट्टा मरते भाऊ, बक्कल रायते."

अर्थात, आतल्या दांडीबद्दल ते बोलत नाहीत. तिच्या पोटात बारीक स्प्रिंग असते आणि वैशाखातला वऱ्हाडी घाम तिला मुळीच मानवत नाही. एखाद्या दिवशी ती आगाऊ सूचना न देता राजीनामा देते आणि घड्याळ खाली पडतं. त्या वेळी बक्कलराव पट्ट्याकडे बोट दाखवतात.

स्मरणशक्ती मात्र दांडगी. एखाद्या म्हाताऱ्या एचएमटीचा चामडी पट्टा उलटा करून पाहा. चौथं भोक ओढून ओढून लांबट झालेलं, त्याच्या कडा काळ्या आणि गुळगुळीत. आत तिसऱ्या भोकाजवळ एक आडवी सुरकुती: डेंगूच्या महिन्यात मनगट उतरलं होतं. आणि टोकाकडे दोन भोकं अंमळ वाकडी, कंपनीची नव्हेत, घरी टोच्याने पाडलेली. नोकरी पक्की झाल्यावर मालक कसे सुटले, हे घरात कुणी बोलत नाही. बक्कलरावांनी चामड्यावर नोंदवून ठेवलेलं असतं.

वाशिमच्या बक्कलरावांना गावाचाही ताठा आहे. हे वाकाटकांचं वत्सगुल्म. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणाऱ्या ज्या मध्यरेषेवरून आपले ज्योतिषी वेळेचं गणित मांडत, तिच्यावरची गावं सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त सांगितली आहेत, त्यांत वत्सगुल्म आहे. ग्रीनिच तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. आजच्या नकाशात वाशिम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडं जास्त सरकलेलं दिसतं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पाचेक मिनिटांचा फरक. पण पाच मिनिटांना वाशिमात उशीर म्हणत नाहीत.

आता भाऊबंदांकडे वळू. सर्वांत दिमाखदार म्हणजे स्प्रिंगची चेन. ही मंडळी लग्नातून आली. सायकल, रेडिओ आणि घड्याळ हा जावयाचा मान होता, त्या काळात घड्याळाला सोनेरी चेन असली की मांडवात कुजबूज व्हायची. हिला ना भोक, ना जीभ. प्रत्येक कडीत इवलीशी स्प्रिंग. हात घातला की ताणायचं, मग आवळायचं. अमेरिकेतल्या स्पायडेल कंपनीने १९५९ साली ‘ट्विस्ट-ओ-फ्लेक्स’ नावाने अशी चेन काढली, तिला गाठ मारून दाखवता येते. आमच्याकडे गाठ कुणी मारली नाही, पण नवरदेवाचं मनगट काडीसारखं असलं की घड्याळ आशीर्वादाला हात उचलताच कोपरापर्यंत जायचं. तिचं दुसरं व्यसन केस उपटण्याचं. एकेक, मुळासकट, आणि नेमकं चारचौघांत. आणि सोयाबीनच्या मळणीला ही चेन घालून थ्रेशरजवळ उभं राहू नये. भुसा कड्यांत शिरला की ताणलेली चेन मागे यायचंच विसरते. तरी दिवसातून दहादा घड्याळ काढावं लागणाऱ्यांनी, कणीक मळणाऱ्या हातांनी, हिलाच जवळ करावं. तिच्याइतकी झटपट कुणी नाही.

लॉकवाली चेन शहरी वळणाची. तीन पात्यांची घडी, वर झाकण, ‘टक्’ असा आवाज. त्या आवाजावर तिचा फार जीव. घडी करून मिटणारं हे कुलूप पॅरिसच्या कार्तिए घराण्याने गेल्या शतकाच्या सुरुवातीला पेटंट करून ठेवलं. याचा खरा गुण वेगळाच आहे: उघडलं तरी कडं सुटत नाही, त्यामुळे घड्याळ हातातच राहतं. चामडी पट्ट्याला लावलं तर रोजचं मुडपणंही वाचतं. झाकणाच्या कडेला तीनचार बारीक भोकं असतात. दुपारी उन्हाने मनगट फुगलं की पिन एक भोक सरकवून चेन सैल करता येते. हे बहुतेक मालकांना माहीत नसतं. ते थेट कडी काढून आणतात आणि काढलेल्या कड्यांची पुडी कपाटात जपतात. फुलपाखरासारखं दोन्हीकडे उघडणारं लॉक दिसायला याहून देखणं, पण त्यात ही सोय सहसा नसते. देखण्यांचं असंच असतं.

वेल्क्रोला घरात कुणी गंभीरपणे घेत नाही. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं भिंगाखाली पाहिली, आणि त्यावरून सुचलेल्या वेल्क्रोचं १९५५ साली पेटंट झालं. आमच्या शेतकऱ्यांनी धुऱ्यावरून येताना धोतराला चिकटलेली बोंडं पिढ्यान्‌पिढ्या फक्त शिव्या देत काढली. हेच वेल्क्रो अपोलोच्या अंतराळवीरांनी पोशाखावरून ओमेगा घड्याळ बांधायला वापरलं, पण शांत वर्गात सुटताना ते जो ‘खर्रर्र’ करतं, त्यापुढे चांद्रमोहिमेची पुण्याई फिकी पडते. संधिवाताने बोटं वाकलेल्या आजोबांना मात्र मी हेच सुचवीन. बक्कलराव तिथे कठोर आहेत: एका हाताने लावायचे म्हणजे घड्याळ पोटावर दाबून धरायचं, जिभेला भोक दाखवायचं, आणि तेवढ्यात पट्टा कडीतून निसटायचा.

आता रबरी पट्ट्यांची स्मार्ट घड्याळं आली आहेत. पावलं मोजतात, ठोके मोजतात, झोप मोजतात. त्यांतल्या कित्येकांना खाली तीच चौकट, तीच दांडी, तीच जीभ. रिसोडहून आलेला एक पोरगा तसल्याच घड्याळाचं तुटलेलं बक्कल घेऊन पेटीपुढे उभा असतो. कारागीर डबा उपडा करून जुन्यातलं मापाचं एक शोधतो, चिमट्याने दांडी दाबून बसवतो, ओढून पाहतो.

"काकाजी, काळं नाई काय? थे मॅचिंग होते."

बक्कलराव ऐकू न आल्यासारखं करतात.