बिल पुण्यात भरलं, तरी हिशेब घरातच

मंडळी, पूर्वी विजेचं बिल भरायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. एसटीनं तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं आणि पावती जपून घरी आणायची. आता माझा थोरला पुण्यात नोकरीला आहे. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवरून गावचं बिल भरून टाकतो. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक एकदा घातला की पुढचं काम सोपं.

सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण तिच्याबरोबर एक गोष्ट घरातून हळूच निघाली होती. आमच्या सासूबाईंची अक्षरओळख बेताची, पण आकड्याला पक्क्या. दर बिलाला विचारायच्या, “गेल्या खेपेपेक्षा युनिट का वाढले गं?” बिलं परस्पर भरली जाऊ लागली तशी त्यांच्यापर्यंत कागदच जाईना. एक दिवस म्हणाल्या, “नातू पैसे भरतो, गुणाचा आहे. पण मला आता घरातलं काही कळत नाही.”

बायांनो, म्हातारं माणूस पैशासाठी नाही, विचारण्यासाठी झुरतं.

तेव्हापासून आम्ही रीत घातली. बिल आलं की आधी मीटरवरचे आकडे पाहायचे, बिलाशी ताडायचे, सासूबाईंच्या कानावर घालायचं आणि मगच पुण्याला फोन करायचा. बिल भरलं की तारीख आणि रक्कम वहीत टिपायची.

आता तुम्ही विचाराल, पैसे कुणाचे? दुधाचे पैसे माझ्या खात्यावर येतात, बिल त्यातूनच जातं. म्हणून मी पिन मुलाला दिला का? मुळीच नाही. २०२४ साली ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय निघाली. घरातल्या माणसाला आपण त्यात जोडून घ्यायचं. मुलगा तिकडून बिल भरायला घेतो, विचारणा माझ्या मोबाइलवर येते. मी रक्कम पाहते, पिन घालते, तेव्हा कुठं पैसे जातात. महिन्याची मर्यादा ठरवून मोकळीक देण्याचीही त्यात सोय आहे. पण मला दर वेळी विचारलेलंच बरं वाटतं.

आणखी दोन गोष्टी गाठीला बांधा. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही. आणि “बिल भरलं नाही, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा” असा निरोप आला तर घाबरू नका. त्या नंबरवर फोन करू नका, आपली वही उघडा. बिल भरल्याची तारीख तिथं लिहिलेली असेल, तर जीव थाऱ्यावर राहतो. तरीही कुणी फसलंच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितकी घाई कराल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

मुलं लांब गेली तरी बिलं खुशाल भरू द्या. फक्त आकडा घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगितल्याशिवाय पैसे जाऊ देऊ नका.