भाड्याचे दुकान घेण्यापूर्वी

आमच्या घरी गोधड्या शिवल्या जातात. शिवणाऱ्या तिघी, हिशेब लिहिणारी एक. इंटरनेटवर दुकान मांडायचे ठरले तेव्हा आम्ही चौघींनी वही काढून शॉपिफाय, विक्स आणि बिगकॉमर्स यांची तुलना केली. ही दुकाने तयार मिळतात. सर्व्हर आणि सुरक्षितता कंपनी सांभाळते, आपण दरमहा भाडे भरायचे.

भाडे सगळ्यांनाच दिसते. विक्रीमागे काय कापले जाते, ते आधी पाहावे. कॅनडाच्या शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा न घेता दुसरा गेटवे जोडला, तर बेसिक योजनेत दर विक्रीवर २ टक्के कापतात. गेटवेचे शुल्क निराळे. हजाराच्या गोधडीमागे वीस रुपये गेले! विक्स विक्रीवर असे कमिशन घेत नाही, गेटवेचे शुल्क मात्र तिथेही आहेच. बिगकॉमर्सवर वर्षाची विक्री ठरावीक मर्यादेपुढे गेली की महागड्या योजनेत जावे लागते.

दुसरा प्रश्न, दुकान हलवताना काय नेता येते? फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅजेंटो गो ही सेवा बंद झाली आणि तिथल्या दुकानदारांना बिऱ्हाड हलवावे लागले. मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून नेता येते, सजावट मागेच राहते.

म्हणून भगिनींनो, डोमेन आपल्याच नावावर घ्या. ग्राहकांची यादी दरमहा उतरवून ठेवा. दहा गोधड्या विकल्यावर हाती किती उरेल, हे प्रत्येक कंपनीपुढे लिहा. आम्ही तसे लिहिले आणि विक्स निवडले. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो मांडल्याशिवाय पहिले भाडे भरू नका.